बारा फूट, जुन्या पुलाजवळ

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ओकाहोला धरणाच्या काठी रेडबडची झाडे गुलाबी-जांभळी होतात, आणि त्याच आठवड्यात काठावरची सभ्य माणसे खोटे बोलू लागतात. उत्तर मिसिसिपीत या दोन्ही गोष्टी ऋतुमानाचा भाग मानल्या जातात. पहिलीची छायाचित्रे निघतात, दुसरीची आकडेवारी.

हर्शेल प्रेटर एरवी खोटे बोलणारा माणूस नव्हता. चौतीस वर्षे त्याने काउंटीच्या शाळेत इतिहास शिकवला होता, आणि आपला प्रांत जे यादवी युद्ध हरला ते युद्ध आपला प्रांत हरला, असेच शिकवले होते. तिथे एवढ्यानेही माणसाची सचोटी सिद्ध होत असे. बाप्टिस्ट चर्चमध्ये तो रविवारचा वर्ग घेई. सख्ख्या भावाच्या अंत्यविधीत बोलायला उभा राहिला तेव्हा त्याने भावाविषयी खरे तेच सांगितले, आणि भावजयीने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणे टाकले. अशा या माणसाला दर वसंतात, बोटी पाण्यात सोडण्याच्या सिमेंटच्या उतारावर, धरण कार्यालयाचा कर्मचारी फळीवर कागद लावून विचारी, "क्रॅपी मासा कुठे मिळाला? किती खोल?" आणि हर्शेल टोपी मागे सारून, डोळ्याला डोळा भिडवून सांगे, "जुन्या पुलाजवळ. बारा फूट." मग खाली सही करी. याला बावीस वर्षे झाली होती.

खरी जागा जुन्या पुलापासून चार मैलांवर होती, आणि तिथले पाणी गुडघ्याच्या जेमतेम वर येई.

धरणात बुडालेल्या वस्त्यांपैकी एकीची शाळा तिथे होती. इमारतीच्या फळ्या लोकांनी उचकटून नेल्या. तीन दगडी पायऱ्या नेण्यासारख्या नव्हत्या म्हणून राहिल्या. तलावाच्या एका चिंचोळ्या फाट्याच्या टोकाला, बटनबुशच्या झुडपांमध्ये त्या पाण्याखाली उभ्या होत्या आणि कुठेच चढत नव्हत्या. हर्शेलची आई त्या शाळेत शिकवत असे. आसपास सगळा गाळ होता. पण पायऱ्यांपाशी मुलांचे पाय चिखलात भरू नयेत म्हणून कधीकाळी अंथरलेली खडी अजून टणक होती, आणि क्रॅपीला घरट्यासाठी अशीच टणक, स्वच्छ जमीन लागते.

हिवाळाभर हा मासा खोल पाण्यात थव्याने लोंबकळत असतो. पाण्याचा पारा फॅरेनहाइट साठाकडे सरकू लागला की आधी नर उथळात येतात. शेपटीने खडी झाडून वाडग्याएवढा खळगा करतात. एरवी चांदीवर ठिपके असलेले त्यांचे अंग गळ्यापासून पोटापर्यंत काजळी धरते. माद्या येतात, अंडी टाकतात आणि परत जातात. नर मात्र खळग्यावर थांबतो. खात नाही, हलत नाही, आणि जवळ येईल त्याच्यावर तोंड टाकतो. त्याच्या या एका सद्‌गुणामुळे तो पकडायला अतिशय सोपा असतो. दहा फुटांची काठी, काठीइतकाच दोरा, दोऱ्याला बूच, आणि बुचाखाली हातभर अंतरावर शिशाच्या मण्याला पिसांचा झुबका बांधलेला इवला गळ, ज्याला तिथे जिग म्हणतात: एवढे त्याच्या नाकासमोर स्थिर धरायचे. बाकीचे तो स्वतः करतो.

हे ओकाहोलाच्या काठी प्रत्येकाला ठाऊक होते आणि कोणीही कधी बोलून दाखवले नव्हते. जागा एकाला कळली की शनिवारी तिथे चाळीस बोटी, आणि सोमवारी तिथे काही नाही, असा सर्वांचा अनुभव होता. म्हणून विचारणाऱ्याला खोल पाणी सांगायचे, हा शिष्टाचार होता. पण इतर लोक तोंडाला येईल तो आकडा ठोकून देत. एकाच आठवड्यात नऊ सांगत आणि वीसही सांगत. हर्शेल अभ्यासू होता, म्हणून त्याचे खोटेही अभ्यासू होते. थंडी लांबलेल्या वर्षी तो तेरा सांगे, पाणी गढूळ असेल तर अकरा, एरवी बारा. घरी एका जाड वहीत तो तारीख, तापमान, खरी खोली आणि खरे मासे लिहून ठेवी. त्या वहीला सदतीस वर्षे झाली होती. दोन्हींची सरमिसळ त्याने एकदाही होऊ दिली नव्हती.

त्या वर्षी धरण कार्यालयाने सूचना लावली. एप्रिलच्या मासेमारी स्पर्धेआधी बोटींच्या उताराची डागडुजी करायची असल्याने, येत्या शुक्रवारी दुपारी बारापासून दरवाजे उघडून तलावाची पातळी पंधरा दिवसांसाठी अडीच फूट उतरवण्यात येईल. हरकती असल्यास मंगळवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या सभागृहात ऐकल्या जातील.

सभागृहात साठ-सत्तर माणसे जमली. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी त्या क्षणी गुडघाभर पाण्यातून काढलेले क्रॅपी मक्याच्या पिठात घोळून तळले जात होते. कार्यालयातर्फे कोरिन बतिस्त उभी राहिली. ती पस्तिशीची, मत्स्यशास्त्र शिकलेली आणि दोन वर्षांपूर्वी लुइझियानाच्या किनाऱ्यावरून बदलून आलेली होती. तिने भिंतीवर एक आलेख दाखवला. आलेख सुबक होता.

"बावीस वर्षांत चार हजार तीनशे सोळा मुलाखती झाल्या," ती म्हणाली. "मार्चच्या उत्तरार्धात ओकाहोलाचा क्रॅपी सरासरी अकरा पूर्णांक आठ फुटांवर असतो. पाणी अडीच फूट उतरलं तरी त्याला पत्तासुद्धा लागणार नाही. एप्रिलमध्ये तो वर येईपर्यंत आपण पातळी परत भरलेली असेल."

बरेच जण आपल्या टोपीच्या आतली शिवण तपासत होते.

"आकड्यांबद्दल शंका असेल तर सांगते," कोरिन पुढे म्हणाली. "काही उत्तरं विस्कळीत आहेत, हे खरं. पण आमचे एक उत्तरदाते आहेत, बावीस वर्षांत एकही खंड नाही. आणि त्यांच्या उत्तरांतला चढउतार पाण्याच्या आणि थंडीच्या नोंदींशी तंतोतंत जुळतो. त्यांच्याच उत्तरांवरून आम्ही बाकीच्यांची तपासतो. त्यांचं नाव सांगायची मला परवानगी नाही."

साठ-सत्तर माना हर्शेलकडे वळल्या. हर्शेलने आलेखाकडे पाहिले. आयुष्यभर त्याने मुलांना साधनांची चिकित्सा शिकवली होती. लिहिणारा कोण, त्याचा स्वार्थ कशात, हे आधी विचारा, असे तो फळ्यावर लिहीत असे. आता भिंतीवर तोच साधन म्हणून झळकत होता, आणि हे विचारायला कोणी उठत नव्हते.

शेवटी डब यारब्रो उठला. उताराजवळ त्याचे गळ-आमिषांचे दुकान होते. हर्शेलच्या हातून तो इतिहासात दोनदा नापास झाला होता, आणि त्याबद्दल दोघांच्याही मनात किल्मिष नव्हते.

"मॅडम, म्हणजे असं आहे," डब म्हणाला, "एखाददुसरा मासा थोडा वर येतही असेल."

"वर म्हणजे किती?"

"ते माशावर आहे."

"आणि कुठे?"

"साधारणपणे."

"साधारणपणे कुठे, मिस्टर यारब्रो?"

"पाण्यात," डब म्हणाला, आणि खाली बसला.

कोरिनने ते लिहून घेतले. मग तिने नियम वाचला. तीन फुटांपेक्षा कमी पाण्यात, घरट्यावरचे निदान तीन नर, अधिकाऱ्याच्या समक्ष पकडून मोजून दाखवले, आणि तेही शुक्रवारी बाराच्या आत, तर पाणी उतरवणे महिनाभर पुढे जाईल. जागा नकाशावर नोंदली जाईल आणि नकाशा उतारावरच्या फलकावर लागेल.

"फलकावर कशाला लावता?" मागून कोणीतरी कळवळून विचारले.

"सार्वजनिक पाणी आहे, सर. माहितीही सार्वजनिक."

यानंतर कोणाचीच काही हरकत उरली नाही.

बाहेर गाड्यांपाशी डबने हर्शेलला गाठले.

"मास्तर, कोणीतरी बोलायला पाहिजे."

"पाहिजे."

"तुमच्यासारख्या माणसाने. लोक मान देतात तुम्हाला."

"माझी जागा बारा फुटांवर आहे, डब."

"हो हो. माझीपण चौदा." डबने गाडीच्या टायरला उगाच एक लाथ मारली. "जुन्या पुलाच्या पलीकडे."

"चांगली जागा आहे."

"फार चांगली," डब म्हणाला, आणि दोघे आपापल्या गाडीत बसले.

जेवताना त्याची बायको अर्लीन त्याच्यासमोर बसली. मग तिने कोबीच्या कोशिंबिरीचे भांडे पुढे सरकवले.

"खरी खोली किती आहे?"

"कसली?"

"हर्शेल, सदतीस वर्षं तुझ्या विजारी मी धुते. बारा फुटांत मासे धरणाऱ्याची विजार मांडीपर्यंत कशी भिजते?"

हर्शेलने काटा खाली ठेवला. "दोन फूट," तो म्हणाला. हा आकडा त्याने मोठ्याने प्रथमच उच्चारला होता, आणि तो कानाला अश्लील वाटला.

"आणि पाणी उतरलं तर?"

"अंडी उघडी पडतील. उन्हात दोन दिवस पुरे. एका फाट्यातलीच नाही, सबंध तलावातली. यंदाची पिल्लंच होणार नाहीत."

"सांगितलंस तर?"

"शनिवारी चाळीस बोटी."

"म्हणजे एक तर तुझी जागा जाईल, नाहीतर तलावातली सगळी पिल्लं."

"असं मांडलं तर तसं दिसतं."

"मग तू कसं मांडतोस?"

गाडी चालवताना हर्शेल हेच शोधत आला होता. दुसरी मांडणी त्याला सापडली नव्हती.

"दुसरं कोणी सांगेल," तो म्हणाला.

"तेसुद्धा आत्ता जेवतच असतील," अर्लीन म्हणाली. "आणि त्यांच्याही बायका विजारी धुतात."

बुधवारी सकाळी तो वही काखेत मारून धरण कार्यालयात गेला. कोरिनने ती उघडली, दहाबारा पाने उलटली, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटे गेली.

"इथे सगळीकडे दोन फूट आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही उतारावर भरलेल्या अर्जांत बारा आहे."

"हो."

"यातलं खोटं कोणतं?"

"सही केलेलं."

तिने वही मिटली, आणि मिटलेल्या वहीवर हात ठेवला. "अडचण अशी आहे, प्रेटर सर, की कार्यालय सही केलेलंच धरतं. ही वही मी वर पाठवली तर ते म्हणतील, ज्या माणसाने बावीस वर्षं एक सांगितलं तो आज दुसरं सांगतोय, तर त्याचं ऐकायचं कशाला?"

"बरोबर म्हणतील."

"का केलंत असं?"

"तुम्ही इथल्या नाही, मॅडम."

"माझे वडील कोळंबी धरतात. चाळीस वर्षं."

"जागा सांगतात?"

"आईलासुद्धा नाही."

"मग?"

"मला वाटलं, इथले लोक वेगळे असतील," कोरिन म्हणाली. "चर्च फार आहेत."

तिने वही ठेवून घेतली, आणि ती प्रत्यक्ष येऊन पाहायला तयार झाली. पण अधिकाऱ्याला खाजगी बोटीत पाय ठेवण्याची मनाई होती, आणि कार्यालयाची बोट उतारावरच्या डागडुजीच्या सामानामागे अडकली होती. चालत पाण्यात उतरायचे तर वेगळी परवानगी लागत होती. ती परवानगी यायला गुरुवार गेला. दरम्यान बुधवारी संध्याकाळी वारा उत्तरेकडे फिरला, आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता फाट्याच्या टोकाला हर्शेलने तापमापी बुडवली तेव्हा पारा चौपन्नावर आला होता. मंगळवारी तो बासष्टावर होता.

"याचा अर्थ काय?" कोरिनने विचारले. सहा फुटी पुरुषासाठी शिवलेली कार्यालयाची रबरी विजार तिच्या काखेपर्यंत आली होती.

"घरट्यावर अंडी असतील तर नर सोडून जात नाही. पण गारठलेला असतो. तोंड उघडायला त्याला कारण पटावं लागतं."

"तुम्ही काय करणार?"

"काही नाही. तीच रीत आहे."

आणि खरोखरच तो काही करेना. पहिल्या पायरीच्या सावलीकडच्या अंगाला, पाण्यात हातभर खाली, पिसांचा झुबका धरून तो उभा राहिला. हात हलला तर झुबका हलतो, आणि गारठलेल्या माशाला हलणारी गोष्ट आपल्या कामाची वाटत नाही. बूच पाण्यावर ताठ उभे होते. काठावरच्या डॉगवूडच्या झाडांच्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या. आठ वाजले. नऊ वाजले. कोरिनने फळीवरच्या कागदावर दोनदा शून्य लिहिले, वेळेसह.

"बहुतेक लोक जागा बदलतात," ती म्हणाली.

"बहुतेक लोक घरी रिकाम्या हाताने जातात."

दहा वाजून वीस मिनिटांनी बूच आडवे झाले. ते बुडाले नाही, ओढले गेले नाही. एखादा माणूस कंटाळून बाकावर लवंडावा तसे लवंडले. क्रॅपी जिग वर उचलून धरतो तेव्हा दोऱ्याचा भार जातो आणि असे होते. बूच बुडण्याची वाट पाहणारे आयुष्यभर वाट पाहतात. हर्शेलने हिसका न देता काठी वर घेतली, कारण या माशाचे ओठ कागदाचे असतात. दोन वितींचा, छातीपर्यंत काजळलेला नर पाण्याबाहेर आला. कोरिनने त्याला पट्टीवर मोजले, काठीने पाणी मोजले, एक फूट दहा इंच, आणि नकाशाच्या यंत्रावर बटण दाबून जागा नोंदली.

"लवकर," हर्शेल म्हणाला. "तो वर आला की सनफिश अंडी खायला घुसतात." त्याने मासा दोन्ही हातांनी खळग्यावर सोडला. मासा क्षणभर थबकला आणि परत आपल्या जागी गेला. झाल्या प्रकाराविषयी त्याने कोणताही निष्कर्ष काढलेला दिसला नाही.

दुसऱ्या पायरीवर पावणेअकराला बूच लवंडले. या वेळी हर्शेलने हिसका दिला. सदतीस वर्षांत अशी चूक त्याने केली नव्हती. पण सदतीस वर्षांत त्याला घड्याळाकडे कधी पाहावे लागले नव्हते. काळा नर पाण्याबाहेर अर्धा आला, ओठ फाटला, आणि तो परत पडला.

"तुम्ही पाहिलात," हर्शेल म्हणाला.

"पाहिला. मोजला नाही."

"काळा होता."

"काळा होता. पण अर्जात पाहिलेल्यासाठी रकाना नाही."

पुढचा नर त्याच पायरीच्या दुसऱ्या अंगाला सव्वाअकराला मिळाला. मग तिसरी पायरी. तिथे हर्शेलने झुबका धरला आणि हात कापू नये म्हणून कोपर बरगडीत रोवले. पाय केव्हाच बधिर झाले होते. कोरिन लिहीत नव्हती. घड्याळ बघत होती, आणि ते हर्शेलला दिसू नये म्हणून बाही ओढून घेत होती. साडेअकरा झाले. या पायरीवर बसून त्याची आई डबा खात असे, हे त्याला आठवले. ही गोष्टही त्याने आजवर कोणाला सांगितली नव्हती, आणि त्यामागे तरी मासे नव्हते.

अकरा एकेचाळीसला बूच आडवे झाले. त्याने काठी इतक्या सावकाश उचलली की कोरिन नंतर म्हणाली, तिला वाटले तो थांबला आहे.

तिने तिसरा नर मोजला, धावत नव्हे पण त्या विजारीत जमेल तितक्या वेगाने काठ चढली, आणि फोनला संकेत मिळेल अशा उंचवट्यावर जाऊन अकरा बावन्नला दरवाज्यावरच्या माणसाला कळवले. परत आली तेव्हा हर्शेल काठीचा दोरा गुंडाळत होता.

"नकाशा कधी लागेल?" त्याने विचारले.

"नियमाने आजच पाचच्या आत."

"सोमवारी लावला तर?"

"मी सही केलीय," ती म्हणाली.

हर्शेलने गुंडाळलेला दोरा काठीला अडकवला.

शनिवारी सकाळी तो आईच्या शाळेच्या जुन्या रस्त्याने चालत काठावर आला. बोटी त्रेचाळीस होत्या. त्याचा अंदाज तीनने चुकला होता. झुडपे मोडलेली होती, पाणी कॉफीसारखे झाले होते, आणि तिसऱ्या पायरीवर बोटीचे नाक टेकवून डब यारब्रो उभा होता. त्याच्या पेटीत काळे नर एकावर एक पडले होते, नियमात बसतील तेवढे.

"मास्तर!" डब ओरडला. "सव्वीस वर्षं मला बारा फूट सांगितलंत तुम्ही!"

"तू मला चौदा सांगत होतास."

"माझी गोष्ट वेगळी. मी नापास झालेला विद्यार्थी आहे." त्याने काठी उचलली, एक नर सोडवला, पेटीत टाकला. मग काहीसा ओशाळून म्हणाला, "मीपण सांगायला जाणारच होतो हो, मास्तर. देवाशपथ."

"कधी?"

"शुक्रवारी."

"किती वाजता?"

"जेवण झाल्यावर," डब म्हणाला.

हर्शेलने त्याला उथळातले डावीकडचे दगड दाखवले, नाहीतर बोटीचा पंखा मोडला असता, आणि तो परत फिरला. रविवारी चर्चच्या अंगणात माशांची पंगत झाली. मोठ्या कढईत क्रॅपी तळले गेले, मक्याच्या पिठाचे गोळे तळले गेले, आणि पाद्र्यांनी सांगितले की एका माणसाच्या सत्यवचनाने यंदा तलाव वाचला. सर्वांनी माना डोलावल्या. हे शब्दशः खरे होते. ज्या फाट्यांतली जागा कोणी दाखवली नव्हती, त्या सर्व फाट्यांत नर शांतपणे अंडी राखत होते. त्यातला एक फाटा डबचा होता. हर्शेलच्या बशीत चार तुकडे वाढले गेले. तो जेवला नाही, आणि का जेवला नाही हे कोणी विचारले नाही.

सोमवारी तीन पायऱ्यांपाशी काहीच नव्हते. खळगे गाळाने भरले होते, आणि त्यांवरून सनफिश फिरत होते.

मंगळवारी हर्शेलने बोट काढली आणि आयुष्यात प्रथमच तो जुन्या पुलापाशी गेला. तिथे कोणी नव्हते. तिथे कधीच कोणी नसे, कारण सर्वांना ठाऊक होते की ती सांगायची जागा आहे. पुलाच्या उरलेल्या खांबाला त्याने बोट बांधली आणि दोरा मोजून सोडला. अंडी टाकायला अजून वर न गेलेल्या माद्या काही दिवस खोल पाण्यात थांबतात, हे त्याला पुस्तकातून ठाऊक होते. बारा फुटांवर त्याला तासाभरात चार मिळाल्या, जाड, चांदीच्या, पोट भरलेल्या. त्याने चारही सोडून दिल्या. बावीस वर्षे तो माद्यांविषयी खरे बोलत होता.

उतारावर कोरिन फळी घेऊन उभी होती. मागे दोन बोटी वर ओढायच्या रांगेत होत्या.

"सुप्रभात, प्रेटर सर. कुठे मिळाले?"

"जुन्या पुलाजवळ," हर्शेल म्हणाला. "बारा फूट. चार माद्या, सोडून दिल्या." आणि त्याला आढळले की हे वाक्य खरे असताना उच्चारायला कठीण जाते.

कोरिनने लिहिले. हर्शेलने सहीसाठी कागद ओढला आणि वाचला. खोलीच्या रकान्यात दोन फूट लिहिले होते.

"मी बारा म्हणालो."

"हो. वरून पत्र आलंय." तिचा आवाज सपाट होता, पण कान लाल झाले होते. "तुमची वही आणि तुमचे अर्ज शेजारी ठेवून त्यांनी सुधारणा काढली. सांगितलेल्या खोलीला सहाने भागायचं."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. मागच्या बावीस वर्षांच्यासुद्धा."

"पण आज मी खरं सांगतोय, मॅडम."

"सकाळपासून अकरा जण तेच म्हणाले."

हर्शेलने तलावाकडे पाहिले. पुढच्या वर्षीचे दरवाजे केव्हा उघडायचे, किती उघडायचे, कुठला मासा कुठे आहे असे समजून उघडायचे, हे सर्व या कागदांवरून ठरणार होते. माद्या खोल असताना त्या उथळात आहेत असे धरले, तर कोणीतरी पाणी चुकीच्या आठवड्यात हलवणार, आणि त्यासाठीही एक सुबक आलेख असणार.

"कागदावर बारा यायला हवं असेल," त्याने विचारले, "तर मी काय सांगायला हवं?"

कोरिनने पेन क्षणभर उचलून धरले. "बहात्तर," ती हळूच म्हणाली.

"सबंध तलावात बहात्तर फूट पाणी कुठेच नाही."

"मला माहीत आहे. अर्जाला माहीत नाही."

तिने नवा कागद फळीवर लावला. रांगेतल्या पुढच्या बोटीवरून डब कान टवकारून ऐकत होता. हर्शेलने टोपी मागे सारली आणि तिच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"जुन्या पुलाजवळ," तो म्हणाला. "बहात्तर फूट."

आणि खाली सही केली.